साइफंगच्या दारातला चोथा

माईसुई लग्न होऊन आमच्या गल्लीत आली आणि दुसऱ्याच सकाळी तिचं थोरल्या जावेशी वाजलं. नव्या नवरीच्या गादीवर लाल बोरं आणि शेंगा पेरायचं काम थोरल्या जावेचं असतं. घरात लेकरं खेळावीत म्हणून पेरतात. साइफंगनं पेरली. सकाळी माईसुईनं पांघरूण झटकलं तर खाली नुसती टरफलं आणि चोखलेल्या बिया.

"उंदरांनी खाल्लं असंल," साइफंग म्हणाली.

"मग तो उंदीर दोन पायांचा हाय आणि त्याच्या ओठाला अजून साल चिकटलीय," माईसुई म्हणाली. केसातलं लाल फूल अजून उतरवलं नव्हतं आणि ही बोलली. गल्लीतल्या बायका त्या दिवशीच समजून चुकल्या की आता वर्षानुवर्षं करमणुकीला तोटा नाही.

मंग आडनावाचे दोघे भाऊ, थोरला कंगशंग साइफंगचा नवरा आणि धाकटा श्वानझू माईसुईचा. गल्ली एका बाजूनं बंद, आणि त्या बंद टोकाला दोघांची दारं समोरासमोर. साइफंगला गल्लीबाहेर पडायचं तर माईसुईच्या दारावरनं जावं लागत नव्हतं, पण माईसुईला दार उघडलं की पहिलं तोंड दिसायचं ते साइफंगचं. गल्ली संपते तिच्या मागं दोन्ही अंगणं एकमेकांना चिकटलेली, मधे विटांची भिंत. ती भिंत सासऱ्यानं खांद्याएवढी बांधली होती, साइफंगनं तिच्यावर विटा चढवल्या, मग माईसुईनं चढवल्या, मग कंगशंग म्हणाला, "आता पडली तर कुणाच्या अंगावर पडंल ते बी ठरवून ठेवा." तेव्हा थांबलं.

आमच्याकडं सगळे शाओयाओ नावाचं फुलझाड लावतात. फूल बघायला शहरातली माणसं येतात, आम्ही मुळांसाठी लावतो. शरदात मुळं खणायची, उकळायची, फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यानं साल खरवडायची, वाळवायची आणि औषधांच्या बाजारात न्यायची. खरवडायच्या दिवसांत गल्लीभर बायका बुटक्या स्टुलांवर बसतात, हात चिकट, तोंडं मोकळी. साइफंगची बहुतेक भांडणं याच दिवसांत झाली.

साइफंगला दोन मुलगे. माईसुईला काही नाही. दहा वर्षं गेली. साइफंग मुळं खरवडता खरवडता आकाशाकडं बघून म्हणायची, "कोंबडी अंडं देईना झाली की आम्ही तिचं सूप करतो." माईसुई म्हणायची, "कोंबडी बिचारी काय करंल, खुराड्यात कुणीतरी टरफलं पेरलीत."

आता यातलं खरं दुखणं सांगतो. आमच्याकडं माणूस मेलं की शवपेटीच्या डोक्याशी मातीचं पातेलं आपटून फोडतात. मुलगा फोडतो. मुलगा नसला तर पुतण्या फोडतो, आणि जो पातेलं फोडतो त्याला घर मिळतं, जमीन मिळते. साइफंगचा धाकटा एरबाओ. त्याला चुलत्याच्या नावावर द्यायचं, चुलता-चुलती गेली की पातेलं फोडायचं आणि समोरचं घर घ्यायचं, असं साइफंगनं त्याच्या जन्मापासून धरलेलं होतं. चांगली विटांची पाच खोल्यांची जागा, मागं जमीन. ती माईसुईच्या अंगणात नजर टाकायची तर विहीर कुठं आणि डुकराचा गोठा कुठं हलवायचा हे मनात मोजायची. माईसुईला ते कळत होतं. म्हणून तिला पोर हवं होतं. माया वगैरे असंल, पण आधी हे.

मग छत्तिसाव्या वर्षी माईसुईचं पोट वाढायला लागलं.

लोकांनी बघितलं. माईसुईनंही बघू दिलं. कमरेवर हात ठेवून, पोट पुढं काढून ती बाजारात जायची आणि काही घ्यायचं नसलं तरी फिरून यायची. लोणच्याच्या दुकानासमोर उभी राहून म्हणायची, "आंबट लई खावंसं वाटतंय बाई." साइफंगचं त्या उन्हाळ्यात जेवण तुटलं. तोंड एवढंसं झालं. तिनं एकदा कंगशंगला भिंतीआड विचारलेलं सगळ्या गल्लीनं ऐकलं, "धा वर्सं बंद असलेलं दार आत्ता कसं उघडलं? तुझ्या भावात तरी एवढी धमक हाय का?" कंगशंग म्हणाला, "मला इचारती, मी काय बघायला जातो?"

पण पाळी बंद होत नव्हती. उलट धो धो जायची, गुठळ्या पडायच्या. माईसुई ते लपवत होती. पाटावर बसली की उठताना आधी मागं बघायची. शेवटी एक दिवस शेतात चक्कर आली आणि श्वानझूनं तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, पोर नाही, गर्भाशयात गाठ आहे. मोठी आहे. गर्भाशय काढून टाकलेलं बरं.

श्वानझू भोळा माणूस. त्याच्या आईनं तीन पोरं गमावल्यावर हा झाला म्हणून त्याचं नाव 'बांधून ठेवलेला' अशा अर्थाचं ठेवलं, आणि तो जन्मभर बांधलेल्यासारखाच वागला. तो घरी आला आणि भावाला खरं सांगून बसला. दुसऱ्या सकाळी साइफंगनं टोपलीभर लाल रंगवलेली अंडी पाठवली. बाळ झाल्यावर वाटतात ती.

माईसुईनं एकेक अंडं उचलून समोरच्या दारावर मारलं. दारावरची नव्या वर्षाची लाल पट्टी आधीच फाटलेली होती, तिच्यावरनं पिवळं ओघळलं. गल्लीतल्या कुत्र्यांचं नशीब उघडलं.

"आगं, पोर न्हाई म्हणून काय झालं?" साइफंग आतनं ओरडली. "गाठ का असंना, तुझ्या पोटात काहीतरी राह्यलं तरी!"

हे असलं बोलणं. मी त्यात साखर घालणार नाही.

दवाखान्यात परत जायला माईसुईनं साफ नकार दिला. "त्यांना काढायला काय जातंय, त्यांचं थोडंच हाय," ती म्हणाली. गर्भाशय गेलं की एरबाओचं पातेलं पक्कं, हा तिचा हिशोब. ती गेली कुआंग वैद्याकडं. कुआंगचं दुकान गावच्या बाजारपेठेत, भिंतभर लाकडी खण, आणि स्वतः कुआंग आजारी माणसांचा कंटाळा आल्यासारखा. तिच्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून तो बराच वेळ बसला, जीभ बघितली, दवाखान्यातला कागद बघितला.

"दवाखान्यात सांगितलंय ते का ऐकत न्हाईस?"

"तुमी औषध देणार का मी दुसरीकडं जाऊ?"

"लहान गाठ असली तर या काढ्यानं कधी आवळती, कधी न्हाई. तुझी लहान न्हाई. ही औषधं रक्त हलवत्यात. पाळी आली की घेऊ नगंस. रक्त वाढलं तर त्याच दिवशी बंद कर आणि इकडं न येता थेट दवाखान्यात जा. ऐकू आलं का?"

"आलं."

"न्हाई आलं," कुआंग म्हणाला, आणि पुड्या बांधल्या.

दालचिनीच्या काड्या, पीचच्या बियांचा गर, शाओयाओचं मूळ, वाळलेल्या जळवा आणि आणखी काय काय. शाओयाओचं मूळ बघून माईसुई हसली म्हणे. आपणच खरवडून विकलेलं, आता परत विकत घ्यायचं.

काढा करायला मडकं हवं, आणि इथं पुन्हा साइफंग आली.

गल्लीत औषधाचं मडकं एकच. काळं, कान असलेलं, मंग म्हातारीच्या, म्हणजे या दोघींच्या सासूच्या, माहेरचं. ज्याच्याकडं दुखणं, त्याच्याकडं मडकं. बरं झालं तरी त्यानं ते परत द्यायचं नसतं, पुढं ज्याला लागंल त्यानं येऊन न्यायचं. परत नेऊन दिलं तर आतलं दुखणं बी दिल्यासारखं होतं. असं कुणी केलं तर रक्ताची नाती तुटतात. आणि नवं मडकं विकत आणायचं म्हणजे दुखण्याला घरात कायमची खोली काढून दिल्यासारखं. बाजारात मडक्यांचे ढीग असतात, पण काढ्यासाठी म्हणून कुणी नवं घेत नाही. मडकं त्या वेळी साइफंगकडं होतं, सासूच्या शेवटच्या दुखण्यापासनं.

माईसुईनं आधी श्वानझूला पाठवलं. साइफंग म्हणाली, "ज्याला दुखतंय त्यानं यावं की. भावजी, तुमाला कुटं गर्भाशय हाय?"

मग माईसुई गेली. गल्ली कामधंदा टाकून दारात उभी. साइफंगनं मडकं आधीच पुसून उंबऱ्यावर ठेवलेलं होतं.

"ने बाई, ने," ती म्हणाली. "किती वर्सं वाट बघत हुते. हे मडकं घरातनं गेलं म्हंजी दुखणं बी गेलं. फक्त जपून वापर. माझ्या एरबाओला एक दिवस पातेलं फोडायचंय, त्याच्या आधी तू हे फोडू नगंस."

माईसुईनं मडकं काखेत मारलं. "पातेलं फोडायची लईच हौस असली त्याला, तर आधी आपल्या आईचं फोडून हात बसवू दे," ती म्हणाली आणि वळली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर वास. मुळं, साल आणि जळवांचा उग्र वास, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागायचा. कोळशाच्या चुलीवर मडकं, वर फडकं, शेजारी माईसुई पंख्यानं वारा घालत बसलेली. काढा प्यायचा आणि उरलेला चोथा रस्त्यावर टाकायचा. चोथा लोकांच्या पायाखाली आला की दुखणं त्यांच्या तळव्याला लागून निघून जातं. सगळे टाकतात. पण टाकायची जागा ठरलेली, गल्लीच्या तोंडाशी, बाभळीखाली. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडतात, प्रत्येकाच्या वाट्याला दुखणं एवढंसं येतं, कुणाला काही होत नाही. कुणाच्या दारात टाकायचा नाही, हा नियम पोरांनासुद्धा माहीत.

माईसुईनं पहिला चोथा नेऊन साइफंगच्या दारातल्या दगडावर ओतला. वाफ निघत होती.

साइफंग बाहेर आली, पाऊल उचललं आणि तसंच हवेत धरलं.

"हे काय हाय?"

"काढ्याचा चोथा."

"दिसतंय मला. हितं का?"

"हात सुटला."

साइफंगनं ज्वारीच्या काडक्यांचा झाडू आणला आणि चोथा सगळा लोटत लोटत माईसुईच्या दारात नेला. माईसुईनं फावड्यानं उचलून परत टाकला. त्या दिवशी तो चोथा गल्लीच्या या टोकाला एवढ्या वेळा फिरला की शेवटी त्यात औषध कमी आणि कोंबड्यांची शीट जास्त.

आणि मग हे रोजचंच झालं. माईसुई सकाळी ओतायची, साइफंग लोटायची. लोटताना बघायचीही. आम्ही सगळे मुळांच्या धंद्यातले, चोथा बघून दुखणं ओळखतो. साइफंग झाडू थांबवून मोठ्यानं वाचायची. "आज जळवा जास्त दिसत्यात. म्हंजी गाठ हलंना वाटतं!" बायका खरवडता खरवडता हसायच्या. माईसुई भिंतीवर चढून बोलायची, "जास्त वाकू नगंस जाऊबाई, वास नाकात गेला तरी लागतंय." साइफंग लगेच नाकाला पदरासारखं फडकं लावायची. हसण्यावारी नेत होती असं नाही. ती घाबरत होती. चोथ्यावर पाय पडू नये म्हणून तिनं दारातनं रस्त्यापर्यंत फळी टाकली आणि त्या फळीवरनं बगळ्यासारखी चालायला लागली. पावसात फळी निसरडी झाली तेव्हा दोन दिवस कंगशंगनं तिला पाठीवर घेऊन पार केलं. तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली.

"फेक तिला चोथ्यात!" माईसुई भिंतीवरनं म्हणाली. "भावजी, तुमाला बी सुटका मिळंल!"

दोघे भाऊ मात्र संध्याकाळी खळ्यामागं एकत्र बसायचे, एकाच बाटलीतनं प्यायचे आणि बायकांबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. बोलून काय होणार होतं?

शरद सरला. माईसुईचा रंग उतरत चालला. ओठ पांढरे, नखं पांढरी, जिना चढली की धापा. रक्त वाढलं होतं. आतली चिंध्यांची बादली ती स्वतः धुवायची आणि पाणी मागच्या मोरीत ओतायची, पण मागची मोरी आमच्या शेताकडं जाते, लाल पाणी आम्हाला दिसायचं. आमच्या घरची म्हातारी तिला बोलली, "अगं, कुआंगनं सांगितलं हुतं न्हवं, रक्त वाढलं की बंद कर म्हणून?"

"औषध बरोबर हाय," माईसुई म्हणाली. "ते लागंना कारण चोथा तुडवला जाईना. ती सटवी रोज लोटती. दुखणं जायला तयार हाय, पण ते न्यायला पाय कुटं हाय?"

"मग बाभळीखाली टाक की. दिवसभर पाय पडत्यात."

"का? माझं दुखणं सगळ्या गावात वाटायला मी काय लगीन काढलंय? मला ते एकीलाच द्यायचंय."

ही तिची समजूत. रक्त जास्त गेलं की ती म्हणायची, काल तिनं लोटला म्हणून. मग काढा बंद करायच्या ऐवजी चोथा लपवायच्या नव्या युक्त्या काढायची. गव्हाच्या भुशात मिसळून बघितला. चुलीतली राख वर पसरून बघितली. पहिलं बर्फ पडलं तेव्हा चोथा टाकून त्यावर हातानं बर्फ सारखं केलं. पण औषध गरम होतं, बर्फ वितळून काळा डाग वर आला आणि साइफंग दारात उभी राहून पोट धरून हसली. माईसुईनं सगळी अक्कल त्या दगडावर खर्च केली. आपल्या अंगातनं काय चाललंय ते बघायला तिच्याकडं वेळ नव्हता. पाळी आली तरी तिनं काढा सोडला नाही. एका पुडीच्या जागी दोन घालायला लागली, कारण दुप्पट औषधाचा चोथा दुप्पट, आणि एवढा चोथा साइफंगला लोटता येणार नाही.

श्वानझू एकदा म्हणाला, "बास कर आता." माईसुई म्हणाली, "तू लाल अंडी खाऊन बघ, मग बोल."

थंडी कडाक्याची पडली होती त्या सकाळी. आम्ही रताळ्याची पेज घेऊन दारात उभे होतो, कारण ती माईसुईची वेळ. तिचं दार उघडलं. हातात पातेलं, त्यात चोथा. एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं, दुसरं टाकताना ती खाली बसली, बसली ती आडवीच झाली. चोथा रस्त्याच्या मधोमध सांडला. जाड कापसाच्या विजारीवर काळा डाग पसरत होता आणि तो औषधाचा नव्हता.

श्वानझू पहाटेच मुळं घेऊन बाजारात गेलेला. समोर साइफंग फळी टाकत होती. तिनं बघितलं. फळी हातात धरून तशीच उभी राहिली. गल्ली हलेना. ती उभी किती वेळ राहिली ते मी सांगत नाही, पण तेवढ्या वेळात माणूस पुष्कळ विचार करू शकतं.

मग तिनं फळी फेकली आणि धावली. थेट, मधनं. चोथ्यातनं पचापच पावलं टाकत.

"मरतीस व्हय, सटवे?" ती माईसुईच्या काखेत हात घालून ओढायला लागली. "आत्ता मरायचं? तू मेलीस तर श्वानझू वर्साच्या आत कवळी बायकू आणंल, आणि ती दरवर्सी एक पोर टाकंल! मग माझ्या एरबाओनं काय करायचं? ऊठ! ए, बघताय काय मुडद्यांनो, तीनचाकी काढा!"

आम्ही तीनचाकी काढली. वर रजई टाकली, माईसुईला ठेवलं. साइफंग चढून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. प्रेमानं नाही, डोकं आपटून मरू नये म्हणून. माईसुईचे डोळे अर्धवट उघडे होते. गाडीच्या फळीवर साइफंगचे पाय, काळे कापडी बूट. डाव्या बुटाच्या टाचेला दालचिनीची काडी आणि चपटी झालेली एक जळू चिकटलेली.

माईसुई हसली. कागदासारखं पांढरं तोंड, आणि त्यातनं हसणं आलं.

"तुडवलास," ती म्हणाली.

साइफंगनं खाली बघितलं. मग बूट एवढ्या जोरात काढून फेकला की तो आमच्या छपरावर गेला. दवाखान्यापर्यंत एकाच बुटानं गेली.

दवाखान्यात रक्त चढवलं आणि त्याच दिवशी गर्भाशय काढलं. श्वानझूला बोलावून गाठ दाखवली, पपनसाएवढी, पांढऱ्या पातेल्यात. तो भिंतीला धरून ओकला. डॉक्टर त्याला बरंच बोलले. कुआंगला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ऐकू आलं न्हवतं." आणि पुढच्या माणसाचं मनगट धरलं.

माईसुई घरी आली ती अंथरुणावरच. चार दिवस गेले नाहीत तोच साइफंग आली. हातात गूळ आणि अंडी, या वेळी साधी, पांढरी. बरोबर घराण्यातले तिसरे काका, दाढीवाले, ज्यांच्यासमोर दत्तकाचं ठरतं. साइफंगनं नवे बूट घातले होते. काकांनी चहा घेतला, घसा साफ केला, हवामानाबद्दल बोलले.

"तर माईसुई," ते म्हणाले, "झालं ते झालं. आता तुमा दोगांच्या मागं कुणीतरी पातेलं फोडायला पायजे. पोरगा घरातलाच हाय. आणि थोरलीनं तुझा जीव वाचवला. गल्लीनं बघितलंय."

साइफंग मान खाली घालून बसली होती, पण कान ताठ.

माईसुई उशीला टेकून उठली. काकांकडं बघितलंच नाही.

"जाऊबाई," तिनं गोड आवाजात विचारलं, "पोटात कसं वाटतंय?"

"कुणाच्या?"

"तुझ्या. माझी गाठ गेली न्हवं. दोन पुड्यांचा चोथा हुता. दोन्ही पायांनी तुडवलास."

साइफंगचा हात आपोआप पोटावर गेला. काकांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि स्टूल जरा मागं सरकवलं.

"दवाखान्यात कापून काढली ती!" साइफंग म्हणाली.

"कापून काढायला तिथं कुणी नेलं? तू नेलंस. चोथा तुडवलास म्हणूनच नेलंस. म्हंजी कुणामुळं गेली?" माईसुईनं पलंगाखाली हात घातला आणि मडकं वर काढून मांडीवर ठेवलं. "आणि आता नीट ऐक. एरबाओचं नाव या घरात पुना काढलंस तर हे मडकं तुझ्या उंबऱ्यावर आणून ठेवीन. माझ्या हातानं. दिवसाढवळ्या. सगळ्यांच्या समोर परत देईन. मग बघ तुझ्या घरात कोण कोण झोपतंय."

"तू असं करणार न्हाईस," साइफंग म्हणाली. "असं कुणी करत न्हाई."

"दारात चोथा बी कुणी टाकत न्हाई."

काका उठले. गूळ आणि अंडी तिथंच राहिली. माईसुईनं ती खाल्ली, सगळी.

त्या वसंतात माईसुईनं आपल्या बहिणीची तिसरी मुलगी आणली. जास्तीच्या पोराला सरकारचा दंड पडायचा, म्हणून तिची कुठं नोंद नव्हती, लपवून वाढवत होते, त्यांनाही सुटका झाली. हेताओ तिचं नाव. नाक वाहणारी, हट्टी पोर. माईसुईनं तिला पोटाशी वगैरे फार धरलं असं मी बघितलं नाही, पण तिला नावावर घेतलं, मुलगी असली तरी पातेलं हीच फोडणार असा कागद करून घेतला, आणि तिसऱ्या काकांनी मुकाट अंगठा दिला. साइफंग घरातनं बाहेर आली नाही. एरबाओ मोठा होऊन दक्षिणेत कारखान्यात गेला, तिकडंच घर केलं. त्याला समोरच्या पाच खोल्या नको होत्या. बहुतेक कधीच नको होत्या.

साइफंग मात्र रोज सकाळी पोट दाबून बघायला लागली. बेंबीखाली, डावीकडं, उजवीकडं. ती कुआंगकडं गेली. त्यानं मनगट धरलं आणि म्हणाला, "काही न्हाई." "आत्ता न्हाई म्हणाला," साइफंग आम्हाला सांगायची, "म्हंजी पुढं हुईल." दवाखान्यात गेली, तिथंही काही नाही म्हणाले. आता ती सत्तरीला आली आणि अजून दाबते. शरीर ठणठणीत. गल्लीत तिच्याएवढं कुणी चालत नाही.

लोकांनी माईसुईला कितीदा म्हटलं, तिनं तुला उचललं नसतं तर तू त्याच सकाळी संपली असतीस. माईसुई म्हणते, "ती घर उचलायला आली हुती. घर हातातनं निसटलं आणि मी हातात राह्यले, त्याला मी काय करू?"

मडकं तिनं कुणाला दिलं नाही. दोन अंगणांच्या भिंतीवर, साइफंगच्या बाजूला तोंड करून ठेवलंय. गल्लीत कुणाला काढा लागला तर पलीकडच्या गल्लीतनं मडकं आणावं लागतं, आणि सगळे दोघींना शिव्या घालतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या सुनेला खोकला झाला. मी गेलो मागायला. पाय धरायचे बाकी ठेवले.

"वापरात हाय," माईसुई म्हणाली.

"काय वापरात हाय? आत कोळ्यानं घर केलंय."

"साइफंगला लागतंय. रोज सकाळी ती उठली की आधी हेच बघती हाय का जाग्यावर."

"आणि तू मेल्यावर?"

"हेताओला सांगून ठेवलंय. माझ्या पेटीच्या डोक्याशी नवं पातेलं आणायचं न्हाई. हेच फोडायचं." ती तंबाखू मळत भिंतीकडं बघत होती. आवाज चढवायची गरज नव्हती, तरी चढवला. "आणि इकडं न्हाई फोडायचं. तिकडं, त्या दगडावर."

भिंतीपलीकडं झाडू चालू होता तो थांबला.

"तुझ्या आधी मी मरते बघ!" साइफंग ओरडली.

"मर की," माईसुई म्हणाली. "मग मडकं ह्यांच्या सुनेला न्यायला मोकळं."

मी पलीकडच्या गल्लीत गेलो.